निर्मिक नसलेल्या घरात

‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ मी पहिल्यांदा पूर्ण वाचलं तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. बी. ए.ला मराठी होतं, पण तेव्हा जोतीराव फुले म्हणजे परीक्षेपुरता एक उतारा आणि एक टीप. पुस्तक म्हणून ते हातात आलं ते इथे हळ्ळीखेडात, पुतण्याच्या अभ्यासाच्या ढिगातून. दशलक्षण पर्वाचे दिवस होते. उपासाच्या दुपारी झोप लागत नाही, म्हणून उघडलं आणि पहिल्या काही पानांतच अडखळले. अडखळवणारा शब्द होता ‘निर्मिक’.

जोतीरावांची सगळी मांडणी या एका शब्दावर उभी आहे. जग निर्माण करणारा एक आहे. त्यानं सगळ्या स्त्रीपुरुषांना सारखंच निर्माण केलं, म्हणून सगळ्यांचे हक्क सारखे. मधे कुणी भट, कुणी राजा, कुणी नवरा येऊन ‘हा हक्क तुझा नाही’ म्हणायला लागला तर तो निर्मिकाच्या विरुद्ध बोलतो. वाचायला सोपं, पटायला सोपं. पण माझ्या शेजारी आमच्या थोरल्या जाऊबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना मी दोन पानं वाचून दाखवली तर म्हणाल्या, “आपल्यात कुठं असतंय ओ निर्माण करणारा? मग हे पुस्तक आपलं न्हवंच की.”

त्यांचं चुकलं नव्हतं. आपल्यात तो नाहीच. पाठशाळेतल्या पोरालाही विचारा, जग कुणी केलं? कुणी नाही, ते अनादिनिधन आहे, असंच सांगेल. मग ज्या पुस्तकाचा पायाच आपल्या घरात बसत नाही, त्या पुस्तकानं मला दोन रात्री जागं का ठेवलं, हे मला स्वतःला समजावून घ्यायचं होतं. त्यासाठी हा लेख.

आधी हा निर्मिक आला कुठून ते पाहू. १८४७च्या सुमारास, म्हणजे जोतीराव विशीत असताना, त्यांनी थॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. हा पेन इंग्लंडातला, १७३७ साली जन्मलेला. बायकांच्या कमरेला आवळायच्या पट्टीदार चोळ्या शिवण्याचा बापाचा धंदा, तोच यानं आधी केला. (बायकांचं अंग आवळण्याचं काम सोडून हा माणूस माणसाला मोकळं करायच्या कामाला लागला, हे मला फार आवडलं. बायकांसाठी वेगळं असं त्यानं थोडंच लिहिलं, ते मात्र आवडलं नाही.) अमेरिकेत गेला, १७७६ साली ‘कॉमन सेन्स’ लिहून तिथल्या लोकांना राजाशी नातं तोडायला सांगितलं. फ्रान्समध्ये क्रांती झाली तेव्हा तिच्या बाजूनं १७९१-९२ साली ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहिलं. पुढे फ्रान्सच्या प्रतिनिधी सभेत बसून ‘राजपद मोडा, पण राजाला मारू नका’ असं म्हणाला आणि नंतर स्वतः तुरुंगात पडला. ‘एज ऑफ रीझन’ या पुस्तकात त्यानं धर्मग्रंथ, चमत्कार, पुरोहित सगळं बाजूला सारलं आणि जग निर्माण करणारा एक ईश्वर मात्र ठेवला. युरोपातल्या ज्ञानोदयाच्या काळात बऱ्याच विचारवंतांनी हेच केलं. देव ठेवला, पण त्याचे दलाल काढून टाकले. जोतीरावांचा निर्मिक याच घराण्यातला आहे.

आता आपल्याकडची गोष्ट. आमच्या भागातून सेडमकडे गेलं की कागिणा नदीकाठी मळखेड लागतं. आज तिथे पडका किल्ला आणि नेमिनाथांची बसदी. नवव्या शतकात हेच मान्यखेट, राष्ट्रकूटांची राजधानी. अमोघवर्षाचे गुरू जिनसेन यांनी ‘आदिपुराण’ लिहायला घेतलं ते त्या काळात, आणि त्यांच्या मागे ते गुणभद्रांनी पुरं केलं. त्यात जग निर्माण करणाऱ्या देवाची चांगली उलटतपासणी आहे. जग करायच्या आधी तो होता कुठे? सामान कुठून आणलं? परिपूर्ण असेल तर त्याला जग करायची इच्छा का व्हावी, आणि अपूर्ण असेल तर त्याच्या हातून ते व्हावं कसं? हा उतारा इतका रोखठोक आहे की कार्ल सेगन या अमेरिकन शास्त्रज्ञानं आपल्या ‘कॉसमॉस’ पुस्तकात तो घेतला. म्हणजे पेन जिथे थांबला, त्याच्या एक पाऊल पुढे आपले आचार्य साडेनऊशे वर्षं आधी जाऊन बसले होते.

इथे आपल्या सभांमध्ये टाळ्या पडतात. मीही पूर्वी वाजवल्या आहेत. “त्यांना जे आज कळलं ते आपल्याकडे आधीच होतं.” पण या पुस्तकानं माझ्या टाळ्या थांबवल्या. कारण मला पुढचा प्रश्न पडला. पेनच्या पुस्तकानंतर राजाचे अधिकार मोजले जाऊ लागले. जोतीरावांच्या हातून १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली, १८७३ साली सत्यशोधक समाज निघाला, १८८२ साली हंटर कमिशनपुढे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी गेली. आणि आमच्या या बेडर उताऱ्यानंतर काय निघालं? टीका निघाल्या. टीकांवर टीका निघाल्या. देवाची उलटतपासणी करणारी बुद्धी सासऱ्याची उलटतपासणी करायला कधी वापरली गेली नाही.

निर्मिक नसेल तर हक्क येतात कुठून, हा जाऊबाईंच्या बोलण्यातला खरा प्रश्न. मला वाटतं, याचं उत्तर आपल्याकडे जोतीरावांपेक्षाही पक्कं आहे. प्रत्येक जीव स्वतंत्र, प्रत्येकात अनंत ज्ञान, अनंत दर्शन, अनंत सुख, अनंत वीर्य मुळातच. कुणी दिलेलं नाही, म्हणून कुणाला काढून घेता येत नाही. निर्मिकानं दिलेल्या हक्काला निदान एक देणारा आहे, आणि देणाऱ्याच्या नावानं बोलणारे उद्या पुन्हा उभे राहतील. आपल्याकडे देणाराच नाही. अडतं ते पुढे. जीव सारखे, पण कर्म वेगळं, असं म्हणून आपण तो सारखेपणा मोक्षापर्यंत पुढे ढकलतो. तोवर तू बाई का झालीस? तर पूर्वजन्मी मायाचार केलास म्हणून, कपट केलंस म्हणून. हे मी एका चातुर्मासातल्या प्रवचनात बसून ऐकलंय. मागच्या अर्ध्या मांडवात आम्ही साठ-सत्तर बायका. कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माझ्याही नव्हता, हे लिहायला लाज वाटते. दिगंबर आम्नायात स्त्रीदेहानं मोक्ष नाही, हे तर आपण लहानपणापासून ऐकतो. त्याचंही कारण देहातच सांगतात.

याला उत्तर मला जोतीरावांकडे मिळालं नाही, ते ताराबाई शिंद्यांकडे मिळालं.

जोतीरावांच्या पुस्तकात ‘स्त्री आणि पुरुष’ हा भाग आहे. त्यात दोघांत श्रेष्ठ कोण, असं विचारल्यावर ते सरळ स्त्री म्हणतात. कारण ती पोटात वाढवते, जन्म देते, सांभाळते. मग ते विचारतात की पुरुष दोन-दोन, तीन-तीन बायका करून एका घरात नांदतो, तसं बायकोनं आणखी एक पुरुष आणून घरात ठेवला तर नवऱ्याला चालेल का? हा प्रश्न खास जोतीरावांचा. पण श्रेष्ठपणाचं कारण मला बोचलं. पोटात वाढवते म्हणून मोठी, तर जिच्या पोटी काही नाही ती? आई म्हणून केलेला गौरव आणि बाई म्हणून मानलेला हक्क या दोन गोष्टी आहेत, आणि गौरव बहुतेक वेळा हक्काच्या ऐवजी दिला जातो, हे आपल्याला मदर्स डेला पुरणपोळी स्वतःच करताना कळतंच.

ताराबाई बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजातले. १८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करून काळ्या पाण्याची झाली. त्या निमित्तानं वर्तमानपत्रांत बायकांच्या चालीरीतीवर जे तोंडसुख घेतलं गेलं, त्यावर चिडून ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. १८८२ साली पुण्यात श्री शिवाजी छापखान्यात छापलं, प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. त्यांची पद्धत साधी आहे. बाईचा म्हणून जो दुर्गुण सांगतात तो घ्यायचा आणि पुरुषात शोधायचा. कपट? बरं, घ्या कपट. राज्य बुडवणारे, खोटे दस्त करणारे, सोयऱ्याच्या गळ्यावर सुरी फिरवणारे कोण? मी ही पद्धत त्या प्रवचनाला लावून पाहिली. कपटानं स्त्रीजन्म मिळत असता तर आमच्या बाजारपेठेतला प्रत्येक काटा मारणारा पुढच्या जन्मी चूल फुंकत असायला हवा, आणि मग बायकांची संख्या पुरुषांच्या किती पट भरेल याचा हिशेब करावा. हसू नका, हा युक्तिवाद आहे.

आणि आता मघाशी ज्या टाळ्या थांबवल्या त्यातली एक पुन्हा वाजवते, जपून. याच राष्ट्रकूटांच्या काळात शाकटायन नावाचे आचार्य होऊन गेले, यापनीय संघाचे. मोठे व्याकरणकार. आपल्या व्याकरणावरच्या वृत्तीला त्यांनी अमोघवर्षावरून ‘अमोघवृत्ती’ नाव दिलं. यापनीय साधू दिगंबरांसारखे नग्न राहत, पण स्त्रीला मोक्ष आहे असं मानत. शाकटायनांनी ‘स्त्रीमुक्तिप्रकरण’ लिहिलं. त्यातला मुद्दा असा की मोक्षाचं कारण रत्नत्रय. ते स्त्रीत असू शकत नाही याला पुरावा काय? पुढे प्रभाचंद्रांनी त्याचं खंडन केलं, आणि यापनीय संघच हळूहळू संपला. कर्नाटकातल्या शिलालेखांत तेवढा उरला. पुरावा काय, हे विचारणारा माणूस आमच्या मागच्या अंगणात होता आणि मला पन्नाशीपर्यंत त्याचं नावही कुणी सांगितलं नव्हतं. पाठशाळेत नाही, स्वाध्यायात नाही. प्रतिपक्षाचं पुस्तक आहे ना ते.

शाकटायन आणि ताराबाई यांच्यात फरक नऊ आण्यांचा आहे. त्यांचा वाद संस्कृतात, साधूंमध्ये, मोक्षाबद्दल. हिचं भांडण मराठीत, छापून, विकायला ठेवलेलं, आणि फाशीच्या दोराबद्दल. युरोपातल्या त्या शतकानं जगाला दिलेली खरी नवी गोष्ट मला ही वाटते. शंका जुनीच होती. ती स्वस्त झाली, लोकांच्या भाषेत आली आणि सरकारच्या दारात जाऊन उभी राहिली.

त्या युरोपवाल्यांना डोक्यावर घ्यायचं मात्र कारण नाही. रूसो हा केवढा माणूस, माणूस स्वतंत्र जन्मतो म्हणणारा. त्याच्या १७६२च्या ‘एमील’मध्ये मुलाचं शिक्षण वाचा आणि शेवटी येणाऱ्या सोफीचं वाचा. मुलानं विचार करायला शिकायचं आणि सोफीनं त्याला आवडायला शिकायचं. मेरी वुल्स्टनक्राफ्टनं १७९२ साली पुस्तक लिहून रूसोला याचा जाब विचारला. पाच वर्षांनी बाळंतपणानंतर ती गेली. ऑलिम्प द गूज या फ्रेंच बाईनं १७९१ साली स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा काढला. दोन वर्षांत क्रांतीवाल्यांनीच तिचं डोकं उडवलं. या दोघींपुढे जोतीराव ठेवले की त्यांचं वेगळेपण दिसतं. पेनच्या पुस्तकाच्या नावातच ‘मॅन’ आहे. जोतीराव जवळजवळ प्रत्येक नियमात ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ दोन्ही शब्द लिहितात, कंटाळा येईल इतक्या वेळा लिहितात. पहिल्या वाचनात मला तो लिहिण्यातला दोष वाटला होता. आता वाटतं, उजवं अंग लुळं पडल्यावर डाव्या हातानं लिहिणारा माणूस प्रत्येक शब्द मोजूनच लिहीत असणार, आणि तरी त्यानं तो शब्द गाळला नाही. पुस्तक पुरं झालं १८८९ साली, छापून आलं १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. ताराबाईंवर टीका झाली तेव्हाही ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी तिची बाजू घेतली होती.

दोष आहेत, नाही असं नाही. संवादात समोरचा माणूस फार लवकर मान डोलावतो. आपल्या न्यायग्रंथांत पूर्वपक्ष असा दणकट मांडतात की क्षणभर तोच खरा वाटावा, तसं इथे होत नाही. इतिहास ते एकाच चष्म्यातून बघतात. आणि एक घरगुती तक्रार. त्यांनी एक सुंदर कुटुंब रंगवलंय, बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, सगळे एका घरात गोडीनं राहतात. त्यात जैन कुणी नाही. एक सून तरी घ्यायची होती. रात्री जेवत नाही म्हणून स्वयंपाक लवकर करावा लागला असता, एवढंच.

पण आपण नाही तरी त्या घरात शिरलो, हे विसरायला नको. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्यातले, कुंभोजला १८८७ साली जन्मलेले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात असताना ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परत आल्यावर आंघोळ करून आत ये म्हटलं, ते ऐकलं नाही म्हणून बोर्डिंग सुटलं. बोर्डिंगचा कारभार तेव्हा अण्णासाहेब लठ्ठ्यांकडे होता. पुढे १९१४च्या डांबर प्रकरणात याच लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष दे म्हणून भाऊरावांचा छळ झाला. त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला, पण साक्ष दिली नाही. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, सत्यशोधक विचारानं. समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त लोकमूढता, देवमूढता, गुरुमूढता सोडायला सांगितल्या आहेत. पाठ सगळ्यांना आहेत. लोकांची मूढता सोडून आंघोळीला नकार देणारा एक निघाला आणि आपण त्याला बाहेर काढलं. आज त्याचा फोटो आपल्या सभागृहांत लावतो, मात्र खाली ‘सत्यशोधक’ लिहीत नाही. लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडलं, ते तेवढं ‘त्याग’ म्हणून बायकांच्या मेळाव्यात सांगतो.

राज्यकारभाराचं म्हणाल तर पेनच्या पुस्तकातली एक गोष्ट वाचून मी उठून बसले होते. दुसऱ्या भागात तो सरकारच्या कराचा हिशेब मांडतो आणि म्हणतो की गरिबाच्या मुलाच्या शिक्षणासाठी पैसे द्या, पन्नाशी उलटलेल्याला पेन्शन द्या आणि बाळंत झालेल्या, मागणाऱ्या बाईला वीस शिलिंग द्या. आणि ही भीक नव्हे, हक्क आहे, असं बजावतो. १७९२ साली! आमच्याकडे २०२३च्या ऑगस्टपासून गृहलक्ष्मीचे महिन्याला दोन हजार बाईच्या नावावर येतात. आमच्या घरात नाही येत, दुकानाचा जीएसटी भरतो म्हणून. त्यामुळे आमच्या ओळीतल्या बायका ‘फुकटचं’ म्हणून नाक मुरडायला मोकळ्या. मीही मुरडलं होतं. मात्र त्याच बायका हुमनाबादला जाताना शक्तीचं शून्य तिकीट मागून घेतात. सोलापूरला माहेरी जायचं तर ते तिकीट चालत नाही, राज्याच्या हद्दीपुरतं आहे.

सोलापूरवरून आठवलं. वडील गेल्यावर मी हक्कसोड पत्रावर सही केली. दस्त नोंदणीच्या कचेरीत, अंगठा लावून, फोटो काढून, हसत. भाऊ म्हणाला, तुला काय कमी आहे ताई. खरंच काही कमी नव्हतं. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याखाली आपण जैनही येतो, आणि २००५च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा मुलासारखाच मानला गेला. कायद्यातला शब्द आहे ‘जन्मानं’. भावानं दिला म्हणून नाही, निर्मिकानं दिला म्हणून नाही, पूर्वकर्मानं नाही. जन्मानं. शाकटायन जिथे पोचू शकले नव्हते तिथे तो शब्द आला, पेन, जोतीराव, आंबेडकर अशा कितीतरी हातांतून येत येत. मी तो वाचला सहीनंतर काही वर्षांनी. दस्तात मात्र लिहिलं होतं, ‘राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय’. दबाव नव्हता, तेही खरंच. राखीच्या साड्या येतात अजून.

पुस्तक जाऊबाईंनी पुढे मागून नेलं. निर्मिकाची पानं सोडून देते म्हणाल्या. परत आलं तेव्हा ‘स्त्री आणि पुरुष’च्या पानाला हळदीचं बोट लागलं होतं. घरात आणलेल्या दुसऱ्या नवऱ्याच्या गोष्टीवर त्या एकट्याच हसत बसल्या होत्या म्हणे. मग मी त्यांना ‘स्त्री-पुरुष तुलना’ दिलं. स. गं. मालशांनी ते १९७५ साली शोधून पुन्हा छापलं, म्हणून आपल्याला मिळतं. चार दिवसांत वाचून आणून दिलं आणि विचारलं, “या बाईचं दुसरं काय आहे का?”

नाही. ताराबाई १९१०पर्यंत होत्या, पण दुसरं पुस्तक त्यांनी लिहिलं नाही.